हलिमाबीचं पथ्य

चिमा पायाळू होती, म्हणजे जन्मताना आधी पाय आणि मग डोकं अशी आली होती. अशा माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, हे कर्जतपासून खालापूरपर्यंत कुणाला शिकवावं लागत नाही. लग्न होऊन भिवपुरीजवळच्या या गावात आली तेव्हा हुंडा-मानपानापेक्षा तिच्या पायाचीच चर्चा जास्त झाली. कुणाची कंबर धरली की तो वाकडातिकडा होत दारात यायचा, उंबऱ्याशी पालथा पडायचा, चिमा हातातलं पीठ झटकून यायची आणि डावा पाय तीनदा लावायची. बहुतेक जण सरळ होऊन जायचे. पायाळू माणसावर वीज पडते असंही लोक म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की सासू तिला शेतातून घरी पिटाळायची. नवरा कोंडाजी भिवपुरीच्या वीजघरातच कामाला होता, त्याची त्यावरून भरपूर थट्टा व्हायची.

पायाळूला स्वतःच्या कमरेला स्वतःचा पाय काही लावता येत नाही. त्यासाठी चिमाने कर्जतच्या बाजारात एक मैत्रीण धरली होती. खालापूरची हलिमाबी, तिच्या नवऱ्याचं सुक्या मासळीचं दुकान होतं, आणि तीही पायाळूच. दोघी एकमेकींच्या कमरेचं बघायच्या. एकीचं दुखलं की दुसरी पाय लावायची, मग दोघी चहा पिऊन सासवांना नावं ठेवायच्या.

दुसरी जर्मन लढाई चालू होती त्या सालातली गोष्ट. कापणीत भाताचा भारा डोक्यावर घेताना चिमाच्या कमरेत काहीतरी कडकन वाजलं. या खेपेला हलिमाबीच्या पायाने काही उतरलं नाही. दुखणं मांडीतून पोटरीत गेलं, आणि पुढे उजवा पाय फरफटायला लागला. वीजघराच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि चिठ्ठी देऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या सर्जनने कोंडाजीला समोर बसवून सरळ सांगितलं होतं की मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर बसली आहे, ती काढली तर पाय वाचेल. कमरेचं मात्र वचन देत नाही. कोंडाजीने मान हलवली, पण ऐकलं त्यातलं अर्धंच.

ऑपरेशन झालं आणि पाय वाचला. चिमा चालत घरी आली, गावाने कौतुक केलं. कंबर मात्र दुखतच राहिली. सकाळी अंथरुणातून उठताना कुणी आतून पिळून काढावं तसं व्हायचं. संध्याकाळपर्यंत पाठीला फळकुटासारखा ताठरपणा यायचा. इस्पितळाने पट्टा दिला होता, आणि सांगून ठेवलं होतं की वाकू नका, जड उचलू नका, कठीण फळीवर झोपा, रोज थोडं चाला. घरी हे सांगितलं तेव्हा सासू जिजा तांदूळ पाखडत राहिली, शेजारणींनी मात्र नाकं मुरडली. डॉक्टरला काय जातं सांगायला, त्याच्या घरी लावणी कोण करतं? कोंडाजी तसा मायाळू, पण त्याचंही म्हणणं एकच, की एवढं कापून शिवून आणलं, आता दुखायचं कारण काय. आपण ढोंग करतोय की काय, असं एकदोनदा चिमाचं तिलाच वाटून गेलं, आणि त्याचा तिला स्वतःचाच राग आला.

लावणी जवळ आली. गावात लावणी एकमेकांच्या हातांवर व्हायची. तुमच्या घरचा हात आमच्या शेतात, आमचा तुमच्या. घरची कर्ती सून घरी बसली तर माणसं बोलणारच. कोंडाजीने उपाय काढला. कुणाला न विचारता बैलगाडी जुंपली आणि खालापूरहून हलिमाबीला घेऊन आला. इस्पितळाने राहिलेलं काम पायाळू पुरं करील, असा त्याचा साधा हिशोब होता.

त्या टाक्यांवर कुणाची टाच पडली तर काय होईल, हे चिमाला नुसत्या विचारानेच कळत होतं. पण नको कसं म्हणायचं? जन्मभर दुसऱ्यांच्या कमरेवर पाय ठेवणारी बाई आपल्या कमरेला पाय नको म्हणाली, तर आजवर ज्यांना बरं वाटलं त्यांना काय खोटंच वाटलं होतं? तिला दोन्हीकडून धरल्यासारखं झालं. ती निमूट पट्टा सोडून आपल्या झोपायच्या फळीवर पालथी झाली. जिजा उशाशी बसली, तिने सुनेचे खांदे धरले आणि देवाचं नाव पुटपुटायला लागली. पुरुषमाणसं ओटीवर थांबली.

हलिमाबीने लुगड्याचा काठ बाजूला केला आणि व्रण बघितला. वीतभर लांब, मधे चकाकणारा, दोन्ही अंगांना टाक्यांच्या खुणा. तिचा उचललेला पाय तसाच राहिला.

"लाव गं," चिमा फळीत तोंड खुपसून हळूच म्हणाली. "नाय लावलास तर माज्या पायाचं काय ऱ्हाईल?"

आणि मग धाडकन आवाज झाला. ओटीवरच्यांनी ऐकला. चिमाचं अंग आकसलं, पण पाठीला वाऱ्याशिवाय काही लागलं नाही. पाय तिच्या कुशीलगत फळीवर आपटला होता. पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा. मग हलिमाबी ओटीवर गेली आणि कोंडाजीला म्हणाली, "पाय लावला. पन पथ्य हाय बघ. हिनं वाकायचं नाय, हंडा उचलायचा नाय, जेवली की फळीवर पडायचं. आनि पुढची लावणी येईतो हिनं कुनाला पाय लावायचा नाय. पथ्य मोडलं तर माजा पाय उलटा लागंल."

मुंबईचा सर्जन याहून वेगळं काय सांगत होता? पण पायाळूचं पथ्य म्हणजे पथ्य. त्या दिवसापासून कोंडाजी स्वतः हंडा भरायला लागला. शेजारणी चिमाच्या हातातली पाटी काढून घ्यायच्या. लावणीत जिजाने कामं वाटली तेव्हा चिमाला बांधावर पाट टाकून बसवलं आणि रोपांच्या मुठी बांधायला दिल्या. एक जण कुरकुरली, तशी जिजा तिच्यावर अशी खेकसली की पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही.

हळूहळू चिमा दुखण्यासकट जगायला शिकली. आधी कुशीवर वळायचं, हात टेकायचा, मग उठायचं. मोठ्या हंड्याऐवजी दोन हातांत दोन लहान कळश्या. दुखायला लागल्यावर बसण्यापेक्षा दुखायच्या आधीच बसायचं, हे कळायला तिला बराच काळ लागला. रोज ओढ्यापर्यंत चालून यायचं. संध्याकाळी तव्यावर वाळू तापवून तिची पुरचुंडी कमरेला लावायची. एखाद्या दिवशी जास्त काम झालं तर दुसरा दिवस फळीवर जायचा, त्याला इलाज नव्हता.

एक गोष्ट मात्र जड गेली. पाय लागला म्हणजे लोकांच्या लेखी ती बरी झाली होती. कोंडाजी वीजघरात सगळ्यांना तेच सांगायचा. त्यामुळे कण्हायची सोय उरली नाही. उठताना ती ओठ आवळायची, शेक घेताना थंडी वाजते म्हणायची. दर वर्षी लावणी आली की जिजाच आठवण काढायची, हलिमेला आन, पथ्य उतरलं का ते इचार. हलिमाबी यायची, गंभीर तोंड करून अजून एक वर्ष म्हणायची, आणि चिमाला वाटायचं, सासू आपल्या सुटीचे दिवस मोजते आहे.

स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली होती. जिजा थकून अंथरुणालाच खिळली होती. एका दुपारी चिमाने आपलीच पुरचुंडी तिच्या कमरेला लावली. म्हातारीने डोळे मिटले आणि विचारलं, "तुजी अजून दुखते ना गं?"

हलिमाबीचा पाय लागला तेव्हापासून बरी आहे, असं चिमा नेहमीचं बोलायला गेली.

"पाय फळीवर पडला. तुज्या पाठीवर नाय," जिजा म्हणाली. "मी उशाशीच होते. माजं डोळं उघडंच होतं."

"मग आत्या, तुमी बोलला नाय ते?"

"काय बोलू? माजी बी दुखायची. पोरीपासून लावणी केली मी. मला कुनी पथ्य दिलं नाय. तुजं मोडू नाय म्हनून दर साली हलिमेला आनवली."

चिमाला रडू आलं. म्हातारीने तिच्याकडे बघितलं नाही, भिंतीकडेच बघत राहिली. पुरचुंडी गार झाली होती. ती पुन्हा तापवायला चिमा कुशीवर वळली, हात टेकला आणि उठली, आणि उठताना त्या घरात कितीतरी दिवसांनी मोठ्याने कण्हली.