चिंचणीची भरती आणि आमच्या गाडीची गेलेली हवा

नाशिकहून निघायचं ठरलं, कारण आमच्या ह्यांना समुद्राकाठी चहा प्यायचा होता. हे, म्हणजे अरविंद, कारखान्यात मेंटेनन्स फोरमन होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि दोन वर्षं खपून तिचं चालतं घर केलं. पलंग, ओटा, पंखा, शॉवर, सगळं स्वतःच्या हातचं. गाडीला ओरखडा आला तर ताप ह्यांना येतो.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते: त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर. जव्हारचा घाट देखणा आहे, पण पोट भरून चढू नका, मी चढले होते. मनोरला गरम वडे मिळाले. रात्र पालघरजवळ कोळगावला, ह्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या अंगणात काढली. सकाळी लवकर निघा, नाहीतर बोईसरला कारखान्यांच्या पाळ्या बदलताना अडकाल.

सातला चिंचणीला पोचलो. ओहोटी होती, वाळू टणक, समुद्र पार लांब. ह्यांनी सुरूची झाडं मागे टाकून गाडी थेट खाली नेली. आम्ही गोदाकाठची माणसं. पूर सोडला तर पाणी आपली जागा सोडत नाही, असं आम्ही धरून चालतो.

मी शॉवरखाली मनसोक्त आंघोळ केली. दोघांनी चहा घेतला. मग ह्यांनी गाडी सुरू केली तर ती जागची हलेना. हवेच्या दाबाची सुई सहाच्या पुढे जायला हवी, ती चारवर अडकलेली.

एअर ब्रेकची रीत उलटी असते. हवा भरली की चाकं सुटतात, हवा गेली की आतली स्प्रिंग चाकं आवळून धरते. इंजिन हवा भरत होतं आणि ती कुठूनतरी निघून जात होती.

"घाबरायचं नाही," फोरमन म्हणाले. "एकेक जागा बाद करत जायचं."

इतक्यात बोंबील वाळत घालायला निघालेल्या एक बाई थांबल्या. जयवंतीताई. "दादा, गाडी काडा. आज पुनव हाय, उधान येल. बारापरेंत पानी झाडांना लागंल."

तेव्हा साडेनऊ झाले होते. समुद्राकडे पाहिलं, तर तो मघापेक्षा जवळ होता.

ह्यांनी इंजिन बंद केलं आणि मला ब्रेकच्या पॅडलवर पाय ठेवून बसवलं. दाबलं तरी आणि सोडलं तरी सुई सारख्याच वेगानं उतरली. "म्हणजे चाकांकडची बाजू बाद. गळती हवेच्या टाकीकडे आहे," ह्यांनी वहीत लिहिलं. होय, वहीत. मग भांड्यांच्या साबणाचा फेस घेऊन गाडीखाली शिरले, कारण वाऱ्यात सूंऽऽ आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. कॉम्प्रेसरची नळी, बाद. टाकीखालचा व्हॉल्व्ह, बाद. ज्यानं गाडी विकली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, ज्यानं व्हॉल्व्ह बसवला त्याचाही. लाट आता पन्नास पावलांवर आली होती.

जयवंतीताई पाटी खाली ठेवून वाकून बघत होत्या. "ती निली नली रायली."

"ती माझी आहे," आतून आवाज आला. "मी बसवलीय."

"तुमची हाय म्हनून हवा सोडत नाय का?"

आपला तो बाब्या. ह्यांनी फेस लावला आणि निळ्या नळीच्या जोडावर केवढा तरी फुगा आला. ब्रेकच्या टाकीतली हवा ह्यांनी शॉवरच्या पिंपाला जोडली होती, पाण्याला जोर यावा म्हणून. माझ्या आंघोळीनं तो जोड ढिला झाला होता.

"नळी दुमडा नि बांधा," जयवंतीताई म्हणाल्या. कमरेचा जाळ्याचा दोराही काढून दिला.

हे दोरा हातात घेऊन बसूनच राहिले. पाणी मागच्या चाकाला लागलं.

"अहो, काय करताय?"

"शॉवर जाईल गं," हे म्हणाले. "गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तुला वाकून बादली घेता येत नाही ना."

मला हसावं की रडावं कळेना. "समुद्र घालतोय ना आंघोळ, बांधा आता," मी ओरडले. शेवटी जयवंतीताईंनीच नळी दुमडली आणि गाठ मारली. सुई हळूहळू चढली, चाकं फुस्स करून सुटली आणि आम्ही ओल्या वाळूतून झाडांपर्यंत आलो. त्यांनी पैसे घेतले नाहीत. घर मात्र आतून पाहिलं. "न्हानी पन हाय?" असं विचारून हसत राहिल्या. आम्ही त्यांच्याकडून अर्धा किलो सुके बोंबील घेतले. तुम्हीही घ्या, आणि गाडी डांबरावरच ठेवा.

हळू चालवत बोईसरजवळ सरावलीच्या गॅरेजला आलो. मिस्त्री गाडीखालून बाहेर येईना, हसत होता. "अंकल, ब्रेक की हवा से नहाते हो?" त्यानं शॉवरकडे जाणारी हवेची वाट पक्की बंद केली, तीनशे रुपये घेतले आणि वर चहा पाजला.

घरी येऊन आठवडा झाला. एवढ्या जिवापाड जपलेल्या गाडीला समुद्र गिळत असताना हे माझ्या गुडघ्यासाठी दोरा धरून बसले, हे काही डोक्यातून जात नाही. चाळीस वर्षांत तोंडानं असलं कधी बोलले नाहीत. परवा धरणाकाठी गेलो, तेव्हा मी गाडीत स्टुलावर बसले आणि ह्यांनी बादलीतून ऊन पाणी घातलं. जोर काही नव्हता. दर तांब्याला विचारत होते, "चटका नाही ना बसत?"