चकतीचा शेवटचा फेरा

मुदतराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते सासुरवाडीने ठेवलं, आणि सासुरवाडीने ठेवलेलं नाव पुसायला देवही धजत नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला बोलावलं, तर हे जावईबुवा भरलं ताट सोडून स्वयंपाकघरात गेले, गॅसच्या नळीवर छापलेली तारीख वाचली आणि "हिची मुदत संपली आहे" असं जाहीर करून मोकळे झाले.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, चांगली आहे की नळी."

"चांगली दिसते म्हणूनच काढायची. वाईट दिसेपर्यंत थांबलं तर काढायला कुणी उरत नाही."

असा शुभ बोलणारा जावई मिळायला पूर्वजन्मीचं पुण्य लागतं. सासूबाईंच्या गाठीला ते भरपूर असावं.

त्यांची नोकरीच तशी होती. विमानांची इंजिनं उघडून, धुऊन, तपासून पुन्हा जोडणारा एक कारखाना. त्यात मागच्या बाजूला, जिथे कुणी पाहुण्यांना नेत नाही, तिथे एक लांबट खोली, एक कापण्याचं यंत्र आणि मुदतराव. विमान एकदा उडालं आणि उतरलं की इंजिनाचा एक फेरा झाला असं धरतात. इंजिनाच्या पोटात जाड चकत्या फिरतात, त्यांच्या कडेला पाती बसवलेली असतात. माणसाला जन्ममरणाचे किती फेरे ते कुणी सांगत नाही, पण चकतीला मात्र घडवणाऱ्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं: एवढे फेरे, त्यापुढे एकही नाही. मग ती आरशासारखी चकचकीत असो, अंगावर ओरखडा नसो, तिला बाहेर काढायचीच. कारण धातू थकतो तो आतून, आणि तडा डोळ्यांना दिसेल तेव्हा फार उशीर झालेला असतो. पातं तुटलं तर इंजिनाचं कवच ते आतल्या आत अडवतं. चकती फुटली तर तिचे तुकडे कवच फाडून बाहेर पडतात, आणि वाटेत कोण बसलंय ते विचारत नाहीत.

आणि नुसती बाहेर काढून भागत नाही. दिसायला नव्यासारखी वस्तू बाहेर पडून राहिली तर कुणाला तरी तिची दया येते. तो तिला पुसतो, खोटे कागद करतो, स्वस्तात विकतो, आणि ती पुन्हा कुठल्या तरी इंजिनात जाऊन बसते. म्हणून कापायची, अशी कापायची की जगातल्या कुठल्याही कारागिराला ती सांधता येऊ नये. थोडक्यात, आपण सगळे जन्मभर मोक्षासाठी देवाला आळवतो, आणि चकतीला तो मुदतरावांच्या यंत्राखाली फुकट मिळत असे. तिला पुनर्जन्म नाही. तो होऊ नये एवढ्याचसाठी कारखाना मुदतरावांना पगार देत होता.

घरी मात्र या विद्येचं चीज नव्हतं. शिडी, दोरी, कुकरची रबरी रिंग, दारूगोळा असल्यासारखं ते सगळ्याची तारीख विचारत. बायको म्हणायची, "माझीही कुठे छापलेली असेल तर बघून घ्या एकदा." ते खरोखर विचारात पडत. विनोद नावाची गोष्ट देवाने त्यांच्यात बसवायची राहून गेली होती.

ते राहत साडूंच्या घरात, वरच्या मजल्यावर. बाहेरून लोखंडी जिना, वर दोन खोल्या आणि एक ऐसपैस स्वयंपाकघर, ज्याच्या खिडकीत सकाळचं ऊन ओट्यापर्यंत यायचं. त्या स्वयंपाकघरावर बायकोचा जीव होता. थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, "वरचा मजला बंद राहून खराब होतो, तुम्ही या" म्हणून त्यांना बोलावलं होतं. साडूंचं मन मोठं. इतकं मोठं, की आपण या लोकांना वर ठेवलंय हे ते आल्यागेल्याला, दूधवाल्याला आणि एकदा चुकून आलेल्या वीज तपासनिसालाही सांगत.

साडूंचा धंदा नळ, बेसिन आणि संडासाच्या भांड्यांचा. तो वाढला, आणि त्यांनी मोठ्या रस्त्यावर नवं दालन घेतलं. दुकान म्हणायचं नाही, दालन. त्याच्या दर्शनी भागात एक असं टेबल हवं होतं की गिऱ्हाईक भांडं बघायला आलं आहे हे क्षणभर विसरलं पाहिजे. कुठल्याशा मासिकात त्यांनी ते पाहिलं: खाली विमानाच्या इंजिनाची चकती, वर जाड काच.

"मुदतराव," साडू एका सकाळी जिना चढून वर आले आणि ओट्याशी उभे राहून म्हणाले, "तुमच्याकडे त्या चकत्या पडलेल्या असतात ना? एक द्या. अख्खी."

"अख्खी देता येत नाही. कापून टाकतो आम्ही."

"तेच म्हणतोय. टाकताच ना? मग माझ्याकडे टाका."

"तुम्ही तिचं टेबल कराल. उद्या दालन बदलाल, भंगारवाला येईल, टेबल उचलून नेईल. त्याच्याकडून तिसरा. तिसऱ्याला कळेल ही काय वस्तू आहे."

"म्हणजे माझ्या टेबलाचं उठून विमान होणार?" साडूंनी मेव्हणीकडे पाहिलं. "अगं, यांना चहा दे, चढली आहे सकाळी सकाळी."

बायको हसली. हसावंच लागतं, मजला त्यांचा होता.

"मासिकातल्या माणसाला कशी काय मिळाली मग?" साडूंनी विचारलं.

"त्याची आधी निकामी केलेली असेल. नसेल तर त्यालाही धरायला हवं."

"बरं," साडू जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून म्हणाले. "उद्घाटनाच्या पत्रिका छापायला टाकल्यात. त्यात लिहिलंय, की विमानाचं काळीज आमच्या दालनात. मी शब्द दिलाय लोकांना. आणि हो, माल फार वाढलाय. अक्का म्हणत होती, गोदामाला जागा बघा. मी म्हटलं, बघू, अजून वरच्या मजल्याचं काही ठरवलं नाही."

हे बोलणं इतकं गोड होतं की कळायला चहा संपेपर्यंत वेळ लागला. कळलं तेव्हा बायको कप हातात धरून तशीच बसली.

"अहो, एका चकतीने काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही. विमान."

"तुमच्या चकतीला मोक्ष मिळेल, मला असं स्वयंपाकघर कुठे मिळेल ते सांगा."

मुदतरावांनी मनातल्या मनात पानं उलटून पाहिली. नियमावलीत ते प्रकरण नव्हतं.

साडू काही एका दारावर थांबणारे नव्हेत. कारखान्यातल्या साहेबांच्या नव्या घरात न्हाणीघर त्यांनीच सजवून दिलं होतं, आणि माणूस एकदा तुमच्या नळाखाली आंघोळ करू लागला की तो तुमचा. दोन दिवसांनी साहेबांनी मुदतरावांना काचेच्या खोलीत बोलावलं, आणि दार स्वतः उठून लावलं. साहेब स्वतः उठले म्हणजे काम नियमात बसत नाही, एवढं कारखान्यातल्या मांजरालाही माहीत होतं.

"अहो, ती मुदत संपलेली चकती आलीय ना परवा? तिला लाल रंग फासा, वर 'बाद' लिहा, आणि द्या सोडून. शोभेची वस्तू आहे."

"रंग निघतो, साहेब."

"कोण काढणार?"

"ज्याला विकायची तो."

"मग मधे एक भोक पाडा."

"मधे भोक आधीपासूनच आहे, साहेब. तिथूनच दांडा जातो."

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. शिकलेला माणूस, चकतीला मधे भोक असतं हे त्यांनाही ठाऊक होतं. पण न्हाणीघर डोक्यात असलं की बाकीचं मागे पडतं.

"सारखं नाही म्हणून कसं चालेल, मुदतराव? जरा माणसं धरून राहावं."

"तुम्ही लेखी द्या. 'न कापता बाहेर सोडावी' एवढंच. मी सोडतो."

"एवढ्याशा गोष्टीला लेखी?"

"मग मी कापतो."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती. "मी तुम्हाला काही सांगितलं नाही," ते म्हणाले.

"हो साहेब. मीही काही ऐकलं नाही."

आता इथे मुदतरावांची छाती फुगली, डोळ्यांत तेज आलं वगैरे लिहायला मजा आली असती. तसं काही झालं नाही. ते मागच्या खोलीत गेले आणि चकतीसमोर नुसते उभे राहिले. मोठ्या परातीएवढी, कडेला एकसारख्या खाचा, आणि उजेड असा पडलेला की उमललेल्या फुलासारखी दिसावी. त्यांच्या मनात काय आलं? सकाळच्या उन्हातला ओटा आला. बायको तिथे उभी राहून पोळ्या लाटते ते आलं. साडूंच्या टेबलाखाली ही चकती शंभर वर्षं गुमान पडून राहील, हेही आलं, आणि तेच खरं असण्याचा संभव जास्त होता. शंभरातली नव्याण्णव टेबलं टेबलंच राहतात. मुदतरावांचा सगळा जन्म त्या उरलेल्या एका टेबलाच्या काळजीत चालला होता, आणि ते टेबल त्यांना आजवर कधी भेटलेलं नव्हतं.

कापताना साक्षीदार लागतो. भांडाराच्या बाई हातमोजे घालून दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना जेवायला जायची घाई होती.

"कापताय की ओवाळताय?"

"खूण करतोय."

"मघापासून खडू हातातच आहे तुमच्या."

मुदतरावांनी खडूने रेघ मारली. ती वाकडी गेली. त्यांनी ती पुसली नाही. वाकडी कापलेली जोडायला आणखी अवघड, हे त्यांच्या त्याही वेळी लक्षात आलं. मग त्यांनी चष्मा चढवला आणि यंत्र सुरू केलं. ठिणग्या उडाल्या, खोलीभर जळका वास पसरला, आणि बऱ्याच वेळाने फुलाचे तुकडे झाले, एकही दुसऱ्यासारखा नाही. त्यांनी चकतीवर कोरलेला ओळखीचा क्रमांक घासून घालवला, तुकडे वितळवायला जाणाऱ्या पेटीत टाकले, बाईंची सही घेतली आणि नळावर हात धुतले. मग बाकावर बसून डबा उघडला, पण जेवले नाहीत.

उद्घाटनाला ते गेले. न जाणं वाईट दिसलं असतं, आणि दिसण्याची पर्वा नाही असं म्हणणारा माणूसही साडूंच्या कार्याला जातो. दालन लखलखत होतं. ओळीने मांडलेली भांडी इतकी शुभ्र, की देवघरात ठेवावीशी वाटावीत. मांडणाऱ्याच्या मनातही तसंच काहीसं असावं. दर्शनी भागात जाड काच भिंतीला टेकून उभी होती. पाहुणे विचारत होते, विमानाचं काळीज कुठे आहे.

साडूंनी मुदतरावांना खांबाआड घेतलं. "आणली?"

"कापली."

"कधी?"

"मंगळवारी."

"सगळी?"

"अर्धी कापून ठेवत नाहीत, भाऊसाहेब."

साडूंचा चेहरा बराच काळ एका रंगावर ठरेना. मग ते वळले, दोन नोकरांना हाक मारली आणि बेसिनचा एक खांब मधोमध उभा करून त्यावर ती काच ठेवायला लावली. पाहुणे गोळा झाले. एक बाई म्हणाल्या, "काय सुंदर कल्पना आहे, अगदी इंजिनासारखं दिसतं." तिघांनी तर तिथल्या तिथे तसंच टेबल मागितलं. बेसिनच्या खांबात विमान पाहणारे लोक असताना साडूंनी उगाच कारखान्यापर्यंत जायचे कष्ट घेतले.

पण टेबल खपलं म्हणून राग उतरतो असं थोडंच आहे. आठवड्याभरात साडूंना आठवलं की गोदामाची अडचण फारच झाली आहे. अक्का जिन्याखाली उभी राहून बहिणीला म्हणाली, "मी काय करू गं, हे ऐकत नाहीत," आणि रडली. मग वरच्या खोल्यांची मापं घ्यायला टेप शोधून दिला. जिथे ओटा होता तिथे आता खोक्यांतली कमोडं रचलेली आहेत. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडतं. देव कुणालाही उन्हाला पारखं ठेवत नाही.

मुदतरावांना गावाच्या कडेला दोन खोल्या मिळाल्या. स्वयंपाकघर एवढं, की एकाने वळायचं तर दुसऱ्याने बाहेर जायचं. जागा मिळाली ती का मिळाली हे पहिल्याच दुपारी समजलं: विमानं उतरतात ती बरोबर याच छपरावरून. कपाटातली भांडी खणखणायला लागली की बोलणं थांबवायचं, आणि आवाज गेला की अर्धं राहिलेलं वाक्य पुन्हा सुरू करायचं. बायको पहिले काही दिवस नवऱ्याशी बोललीच नाही, त्यामुळे तिला तो त्रास नव्हता.

एका दुपारी अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग अक्काने मनातलं काढलंच.

"एवढा हट्ट केला तुझ्या नवऱ्याने. काय मिळालं गं शेवटी त्याला?"

बायको उत्तर द्यायला गेली, तेवढ्यात छपरावर गडगडाट सुरू झाला. तिने फोन कानापासून लांब धरला. ताटाळ्यातली ताटं थरथरली. मुदतराव दारात बसून चपलेचा तुटलेला अंगठा बघत होते; त्यांनी मानही वर केली नाही. विमानाची सावली अंगणावरून सरकत गेली, पलीकडच्या भिंतीवर चढली आणि दिसेनाशी झाली.

"अगं, काय मिळालं म्हणते मी," अक्का फोनमधून विचारत होती.

"काही नाही," बायको म्हणाली. "आत्ताच एक गेलं डोक्यावरून. उतरलं असेल नीट."

"ते काय, उतरतातच."

"हो ना," ती म्हणाली, "उतरतातच," आणि फोन ठेवून तिने नवऱ्याला विचारलं, चहा टाकू का म्हणून.