सुतळीची तिहेरी घडी

सुतळीचाचांना माणसं आवडत नसत. उस्मानपुऱ्यात झाडं कापायच्या पेट्रोल मशीनचं त्यांचं दुकान होतं, म्हणजे दिवसभर माणसांशीच गाठ. तरी गिऱ्हाईक पायरी चढलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत. ते काही चुकीचं बोललं की मात्र चेहरा खुलायचा, कारण मग त्याला चारचौघांत सोलून काढता यायचं.

मशीनला पट्टी किती लांब हवी, हे तोंडी सांगितलेलं त्यांना चालत नसे. पट्टी म्हणजे जिच्या कडेनं चेन फिरते ते पातं. एखादा “येवढं झाड हाय” म्हणत हात पसरायचा. “तसाच उभा ऱ्हा,” म्हणून चाचा दुसऱ्या कामाला लागायचे. तो बापडा हात पसरून उभा. दमून हात खाली आले की चाचा मान वर न करता विचारायचे, “काय झालं? झाड वाळलं का?” सगळं दुकान हसायचं. मीही हसायचो, कारण त्या दिवशी पाळी दुसऱ्याची असायची.

मग हुकूम सुटायचा, “सुतळी बांधून आण.” खोडाच्या घेराइतकी सुतळी आणायची. चाचा तिची तिहेरी घडी करायचे. एक पदर म्हणजे ढोबळमानानं खोडाची जाडी. तो पदर ते पट्टीवर ठेवून बघत. पट्टी आखूड भरली तरी हरकत नसे. “आधी हिकडून काप, मंग तिकडून. झाड काय पळून चाललंय?” पंचवीस इंची पट्टीवर त्यांनी निम्म्या जिल्ह्याला गप्प बसवलं होतं. भिंतीवरची छत्तीस इंची खाली उतरायची ती फक्त जाडी पंचवीसच्या दीडपटीपुढे गेली तरच.

एकदा देवगाव रंगारीचे एक बागायतदार नव्या जावयाला घेऊन आले. मशीन लांब पट्टीचं. चेन फिरवणारी चक्री सात दात्यांची होती, ती काढून आठाची बसवा म्हणाले; “चेन लई पळती म्हणत्यात.” चाचांनी मुकाट्यानं बसवली आणि दारातल्या ओल्या चिंचेच्या ओंडक्यावर त्यांनाच कापायला लावलं. चेन सुसाट निघाली, लाकडात शिरली आणि अडकली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. म्हातारा घामाघूम. चाचा जावयाकडे वळले, “जावईबापू, सासऱ्याला धरा जरा. मशीन दमलं का सासरा, कळंना.” मग सातची चक्री परत बसवत पुटपुटले, “लंबी पट्टी को ताकत होना, रफ्तार नहीं.” बागायतदार जावयाकडे न बघता निघून गेले.

माझं नावच त्यांनी ‘पंचवीस’ पाडलं होतं. मी झाडं पाडायची कामं घेतो. मोठ्या झाडाला लांब पट्टीवाल्यालाच बोलावतात, म्हणून मी वर्षानुवर्षं छत्तीस मागायचो आणि चाचा भर दुकानात ओरडायचे, “पंचवीस आलं रे! छत्तीसला आधी मनगट लागतं.” हसणाऱ्यांत माझी गिऱ्हाईकंही असत.

हर्सूलकडचा एक वाळलेला वड मला मिळाला. या वेळी मी सुतळी खोडाला चिकटलेल्या दोन पारंब्यांनाही बाहेरून घेत गुंडाळली. चाचांनी विचारलं, “पारंब्या?”

“सोडून बांधली, चाचा.”

त्यांनी तिहेरी घडी केली. पुन्हा मोजली. भिंतीवरून छत्तीस उतरवली, सातची चक्री बसवली, चेनचा ताण स्वतः बघितला. चेष्टा केली नाही. “संभाल के,” एवढंच म्हणाले.

खोड तीस इंचांचंच होतं. पट्टीचं टोक पलीकडून बाहेर आलं आणि मागे उभ्या असलेल्या, मला न दिसलेल्या तिसऱ्याच पारंबीला लागलं. मशीन उसळून अंगावर आलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

तिसऱ्या दिवशी चाचा दवाखान्यात आले. ते टोमणा मारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते स्टुलावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “सुतळी खोडालाच होती ना?” त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. माझी बायको शेजारी उभी होती. खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, “खोडालाच होती, चाचा. तुमचंच माप चुकलं.”

ते मान खाली घालून उठले आणि निघून गेले. आणि मला बरं वाटलं. हाताला ठणका असूनही बरं वाटलं, हे आज लपवत नाही.

त्यानंतर चाचांनी माप द्यायचं सोडलं. कोणी सुतळी आणलीच तर घडी करायचे, सोडायचे, परत करायचे आणि शेवटी “दुसरीकडं इचार” म्हणून परत द्यायचे. लोक आता त्यांना हसायला लागले. “म्हातारं तीनपर्यंत मोजायचं इसरलं,” असं त्यांच्या तोंडावर म्हणायचे. मी दोनदा रस्त्याच्या पलीकडून हे पाहिलं आणि तिथूनच परतलो.

मागच्या थंडीत चाचा गेले. कब्रस्तानात मी डाव्या हातानंच माती दिली. का ते मला ठाऊक नाही. बाहेर त्यांचा मुलगा गळ्यात पडला. म्हणाला, “अब्बा रोज तुमच्या हाताचं बोलायचे. ‘मेरी गलती से गया’ म्हणायचे. जेवण सुटलं होतं त्यांचं.” मग त्यानं माझा तो हात दोन्ही हातांत धरला. “भाई, माफ केलं ना अब्बांना?”

मी म्हणालो, “केलं.”