बोटभर तार

आजवर कुणालाच सांगितलं नाही. अंगणातल्या सॉकेटमधली ती तार मी जोडली होती.

मोहाडीकडच्या आमच्या गावात बॅटरीवरची पहिली कार माझी. सोबत आलेला चार्जर अंगणातल्या सॉकेटला लावला, तर लाल दिवा. अर्थिंग नाही, चार्जिंग नाही. दादा खाटेवरून हसला, "एवढी साहेबाची गाडी, अन् जेवतच नाही बे!" त्याच्याजवळ बसलेले गावातले चौघेही हसले. मला झोंबलं. अर्थिंगचा खड्डा खणायला एक सकाळ पुरली असती. मी मात्र सॉकेट उघडलं आणि बोटभर तारेनं न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी बाजू, अर्थच्या पिनेला जोडला. दिवा हिरवा. मशीनला फसवलं म्हणून मला अभिमान वाटला. अभिमान!

वहिनी रोज सकाळी अनवाणी सडा टाकायच्या आणि ओल्याच हातानं गाडीला हळदीकुंकवाचं बोट लावायच्या. मी रोज बघत होतो.

वादळानंतरच्या सकाळी खांबावरचा न्यूट्रल सुटला होता आणि गाडी चार्जिंगला लागलेलीच होती. घरातल्या करंटला परतीची वाट उरली नव्हती; माझ्या तारेनं त्याला गाडीच्या पत्र्यावर आणलं. वहिनींचं बोट टेकलं आणि त्या फेकल्या गेल्या.

मेन बंद करून मी धावलो. तोंडून पहिलं काय निघावं?

"ओल्या हातानं कायले शिवल्या, वहिनी?"

"मले का मालूम, भाऊजी," त्या कण्हत म्हणाल्या. "तुमीच त म्हणलं होतं, हिरवा दिवा हाय, काही होत नाही."

दादानं त्यांना दवाखान्यात नेलं. मी मागे राहिलो, वायरमन यायच्या आत तार उपटून खिशात घालायला. वायरमननं खांबाकडे बोट दाखवलं, गावानं वहिनींकडे. "ओल्या हातानं कोणी शिवते का?" मी मान डोलावली. हीच मान!

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. धानाच्या रोवण्यात, चिखलात रोपं लावताना, त्यांच्या पुढं कुणी जात नसे. आता त्या बांधावर बसून पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या पुढे सारतात. बाया चिडवतात, "ओल्या हाताची आली व!" त्या हसून म्हणतात, "माहीच चूक." त्या हसण्यानं माझं टाळकं फिरतं. चीड त्या बायांची नाही, माझीच.

खड्डा दुसऱ्याच आठवड्यात खणला. अर्थिंग आता पक्कं आहे. तार कपाटात आहे.

त्याच अंगणात, दादासमोर, हसणाऱ्या त्या चौघांसमोर, ती तार वहिनींच्या हातावर ठेवून म्हणायचं आहे: चूक माझी होती. ते अजून बाकी आहे.