आधी जावयाचं रक्त तपासा

“ती एचआयव्हीवाली कोणती? तिला शेवटी घ्या.”

सिस्टर व्हरांड्यातून ओरडली. शहरातला कुटुंब नियोजनाचा दवाखाना, ऑपरेशनचा वार. बाकावर आम्ही अकरा बाया, हिरवे गाऊन घालून, सकाळपासून उपाशी. मीही इकडंतिकडं बघितलं, कोण असेल बिचारी म्हणून. सिस्टरचं बोट माझ्याकडं होतं.

मला हे असं कळलं. बाकीच्या दहा बाया, त्यांच्या सासवा आणि फरशी पुसणारी मावशी, सगळ्यांच्या बरोबरीनं. शेजारचीनं गाऊन सावरला आणि लांब सरकली.

ऑपरेशनला जाताना दागिने काढून सासूजवळ द्यायचे, अशी तिथली रीत. माझं मंगळसूत्र आत्याबाईंच्या मुठीत होतं. त्यांनी ते बाकावर टाकलं आणि हात पदराला पुसले.

“कुठं शेण खाल्लं गं?”

मग डॉक्टर आला. शिकलेला माणूस, नीट बोलेल असं मला वाटलं. माझाच खुळेपणा. त्यानं कागद बघितला, मला नाही.

“नवऱ्याशिवाय आणखी कुणाकडं जायचीस?”

मी पाचोडचा बाजारसुद्धा सासूशिवाय केला नव्हता. धाकट्या पोरीच्या बाळंतपणाच्या वेळी रक्त तपासलं, तेव्हा ते चांगलं होतं. तो कागद पिशवीतच होता. पण कुणी विचारलं तर दाखवणार ना. मी मान खाली घातली. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

दुपारी नवरा आला. वाळूजला कंपनीत, आठ दिवसांनी घरी येणारा. त्याला खुर्ची मिळाली. डॉक्टरनं केबिनचं दार लावून घेतलं. दार लावून! माझी गोष्ट व्हरांड्यात, याची दाराआड. काय ती अदब!

आतून नवऱ्याचा आवाज आला, “मला काय धाड भरलीय, साहेब? मी नाय तपासणार.”

“तुमची मर्जी. संमतीशिवाय आम्हाला रक्त घेता येत नाही.”

संमती. म्हणजे असली काही वस्तू त्या दवाखान्यात होती तर. पुरुषांसाठी राखून ठेवलेली. माझ्या फॉर्मवर आत्याबाईंचा अंगठा होता. मी दहावी पास, शेजारीच बसलेली, आणि अंगठा सासूचा. कशाकशाची तपासणी आहे तेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी उठले. दार ढकललं.

“माझं घेताना कुणी विचारलं व्हतं? आता ह्याचं घ्या. तोवर मी हालत नाय.”

“बाई, आवाज खाली करा,” डॉक्टर म्हणाला. सकाळपासून सिस्टर ओरडत होती तेव्हा त्याचे कान कुठं होते कोण जाणे.

नवरा, बायकोवर हात उचलणारा शूर गडी, सुईला भिऊन मागच्या दारानं पळाला. आत्याबाईंनी मंगळसूत्र कागदात गुंडाळून उचललं आणि त्या लेकामागं गेल्या. सोनं तेवढं त्यांना विटाळलं नव्हतं. मी ऑपरेशन करूनच उठले. शेवटचा नंबर.

आता मी शहरातच, गारखेड्यात दोन्ही पोरींना घेऊन राहते, शिवणकाम करते. पोरींचं रक्त चांगलं आहे. माझ्या गोळ्या चालू आहेत आणि मी ठणठणीत आहे. सासरच्या गावात मात्र एकच गोष्ट चालते, बाईनं रोग आणला. का? तर कागद बाईचा आहे. त्याचा नाहीच, कारण त्यानं अजून थेंबभर रक्त दिलेलं नाही.

परवा नणंदेचा फोन आला.

“वहिनी, दादाचं जमलं. देवगाव रंगारीची हाय, एकोणीस वर्सांची. रविवारी टिळा. तुम्ही मधी पडू नका, तुमचीच अब्रू जाईल.”

माझी अब्रू! ती या लोकांनी व्हरांड्यात केव्हाच वाटून टाकली. आता कशाची भीती घालतात?

कायद्यानं मी अजून त्याची बायको आहे. रविवारी पहिल्या एसटीनं देवगावला जाणार. त्यांच्या अंगणात उभी राहून माझा रिपोर्ट माझ्या नावासकट मी स्वतः मोठ्यानं वाचणार. पोरीच्या बापाला सांगणार, आधी जावयाचं रक्त तपासा, मग टिळा लावा. नवरा म्हणेल, माझी संमती नाही, ठाऊक आहे. मग मी त्या पोरीकडं वळणार आणि सगळ्यांदेखत विचारणार, “आणि तुझी?”