उतारावरचा दुसरा गिअर

बायकोची चंदिगडला बदली झाली तेव्हा सामानात भांडी, गाद्या आणि मी असं आलं. ती नर्स. मी सातवीत इतका रमलो की मास्तरांनीच शेवटी घरी पाठवलं. आता शेजारच्या मोहालीत एका गॅरेजात गिअरबॉक्स खोलतो. उघडताना मला सगळं कळतं. बंद करताना देवाचं नाव घेतो.

दर गुरुवारी बायको गाडी घेऊन कालक्याच्या वर, डोंगरातल्या एका दवाखान्यात जाते. गाडी आमची जुनी, ऑटोमॅटिक. उतारावर ती गिअरची दांडी मागे ओढून दुसरा गिअर मागायची. गाडी जरा विचार करायची, दुसरा द्यायची, आणि वेग वाढला की आपलं आपण तिसऱ्यात जायची. मग सगळा भार ब्रेकवर. एका गुरुवारी ब्रेक इतके तापले की पेडल मऊ पडलं. कालक्याखालच्या पिंजौरला कशीबशी थांबली. घरी आली आणि चावी फ्रीजवर ठेवली.

"दुसरी कोणीतरी पाठवा म्हणून सांगते. मी नाही जाणार आता."

तापातसुद्धा वर जाणारी बाई ही. वरच्या बायका हिच्याशिवाय कोणाला हात लावू देत नाहीत. त्या रात्री जेवताना मला चटणी मागायचीपण भीती वाटली.

म्हटलं, "अगं, गाडी तुझ्या हुकमात आणून देतो. पक्का."

"तुम्ही आलात का हुकमात?"

मी कामाला लागलो. गिअरबॉक्सच्या पोटात तेल कुठल्या गिअरला पाठवायचं ते ठरवणारी एक प्लेट असते. तिच्या स्प्रिंगा बदलल्या, म्हणजे गिअर झटकन पकडेल. आपोआप वरचा गिअर पडणं बंद केलं. दांडीला दोन स्विच लावले : पुढे ढकललं की एक गिअर खाली, मागे ओढलं की एक वर. आमच्याकडे येणारी पोरं असंच बसवून घेतात, रेसवाल्यांसारखं. माझ्या हाताला तेच वळण. मोहालीच्या मोकळ्या रस्त्यावर बायकोनं चालवून पाहिली. एकदम मस्त. माझी छाती शर्टाच्या बाहेर.

गुरुवारी मीही बरोबर गेलो. चढ सुरेख झाला. परत येताना उतार लागला. पुढे लाकडं भरलेला ट्रक, शेजारी दरी. ट्रकनं एकदम वेग कमी केला.

बायकोनं दांडी ओढली. मागे. इतकी वर्षं जशी ओढत आली तशी.

गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली आणि मोकळी सुटली. ट्रकची लाकडं काचेत मोठी मोठी होत आली. तिनं पुन्हा ओढली. चौथा! गाडीनं लगेच ऐकलं. एवढं झटपट तर मी पण कधी ऐकलं नाही तिचं.

मला ओरडायचं होतं, "पुढे ढकल!" तोंडातून निघालं, "अगं आई!" आणि माझ्या बाजूला ब्रेक नसताना मी पायानं असा ब्रेक दाबला की चपलेचा अंगठा तुटला.

तिनं ब्रेक दाबला. पेडल अजून कडक होतं, पण वास यायला लागला. मग तिनं दात आवळले आणि दांडी दोनदा पुढे ढकलली. इंजिन किंचाळलं. मी पट्ट्यात लटकलो. गाडी ट्रकच्या मागे हातभर अंतरावर मंदावली.

पुढच्या रुंद जागेवर तिनं गाडी बाजूला घेतली. हात स्टिअरिंगवरच होते.

"काम चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण कोणासाठी केलंत?"

मी दांडीचं झाकण काढलं, दोन्ही स्विचच्या वायरी आपसांत बदलल्या. म्हटलं, "सरक, मी चालवतो खालपर्यंत."

"बसा गप."

तिनं गाडी सुरू केली. पुढचं वळण तीव्र होतं. लांबूनच तिनं दांडी मागे ओढली, एकदा. गाडीनं दुसरा पकडला आणि धरूनच ठेवला. तिचा पाय ब्रेकच्या वर नुसता तरंगत होता, टेकला नाही. त्यानंतरचं वळण तसंच. मग तसंच एकेक. मी मोजायचं सोडून दिलं, कारण मला श्वास घ्यायचा होता.

पिंजौर आलं. ती थांबली नाही.

"पुढच्या गुरुवारी तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "मला एकटीला जमेल. तुम्ही फार ओरडता."