धुतलेला तालीमखाना

मार्गशीर्षातला रविवार, सकाळ. हजर: आई, भाऊ, वहिनी आणि मी. आई माझ्याशी बोलत नव्हती, मी भावाशी बोलत नव्हते, आणि वहिनी सगळ्यांना बोलत होती.

वसईच्या आमच्या घरामागे एक चर आहे. तो बुजवून भावाला गाळे बांधायचेत. भरणीचे डंपर सोमवारी सकाळी यायचे होते. त्याच चरात आईने तालीमखाना राखलाय. जांभळ्या फुलांचं रानटी झुडूप, पेरापेराला काट्यांचं कडं. पावसाळ्यात कोवळ्या पानांची सुकट घालून भाजी, थंडीत दुधात भिजवलेलं बी. बाळंतिणीला, गुडघ्यांना, कशालाही. गुण येतो की नाही मला माहीत नाही, पण आळीतल्या बायका अजून तिच्याकडेच मागायला येतात. हे बी गेलं तर तिच्याकडे दुसरं नाही.

म्हणून शनिवारी मी यादी करून बोळिंजच्या माझ्या घरून कोयता, हातमोजे, चादर आणि बरण्या घेऊन आले. अलीकडच्या काठावरची सगळी झुडपं कापून चादरीवर झोडपली. हातमोज्यांतूनही काटे घुसले. बी निघालं, पण मातीने भरलेलं. मी ते चाळणीत घेऊन नळाखाली धरलं.

बघता बघता शेंबडासारखा गोळा झाला. दुधात हेच होतं, वर्षानुवर्षं मी ते प्यायलेय, तरी डोक्यात आलं नाही. वाळवायला ठेवला तर चाळणीसकट कडक झाला.

"कोनी सांगितलं पानी घालायला?" आई म्हणाली.

"माती होती त्यात."

"मग पेरनार कशात होतीस?"

"ताई, हे यादीत नव्हतं वाटतं," वहिनी म्हणाली.

भावाला म्हटलं, डंपर एक दिवस पुढे ढकल.

"काट्यांसाठी? दुकानात पाकीट मिळतं, घेऊन दे तिला."

"पाकिटातलं रुजतं का, ते विचारून ये आधी."

तो फोन कानाला लावून ओटीवर गेला.

रविवारी आईने स्वतःच कोयता उचलला आणि गुडघे दाबत चरापर्यंत गेली. मी मागोमाग. पलीकडच्या काठावर सात झुडपं उभी होती, मधे मांडीभर चिखल. तिने कोयता माझ्या हातात दिला.

"उतर. नि भिजवू नकोस."

वहिनीने जेवायला हाक मारली, आम्ही गेलो नाही. तीन झुडपं कापून झाली. चार अजून उभी आहेत.